वजनासाठी योग करताय? मग एवढं पाळा

योगवर्गाला नाव घालताना बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: महिन्यात किती किलो उतरतील? सरळ सांगायचं तर नुसत्या आसनांनी फार नाही. सत्तर किलोच्या माणसाने तासभर सौम्य आसनं केली तर जेमतेम दीडशे ते पावणेदोनशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. वर्ग सुटल्यावर टपरीवर थांबलात की हिशेब फिरलाच.

तरीही योग कराच, कारण त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. वजन वाढतं ते दिवसभर बसून राहिल्याने, अपुऱ्या झोपेने, ताणाने आणि भूक नसताना खाल्ल्याने. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक खवळते. डोकं तापलं की हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. संथ श्वसन, शवासन, योगनिद्रा यांनी झोप सुधारते, मन निवतं आणि खाण्याआधी क्षणभर थांबायची सवय लागते. हठप्रदीपिकेत योगाचा घात करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्यात, त्यांतली पहिली आहे अति खाणं. मिताहारासाठी पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायलाही सांगितलंय. तेव्हा योगाची सुरुवात सतरंजीवर नाही, ताटावर करा.

आधी कंबर मोजा. पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर सावध व्हा. मग किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. हा आकडा, म्हणजे बीएमआय, आपल्याकडे 23 च्या पुढे गेला की वजन जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात. 1.60 मीटर उंचीच्या माणसाचं वजन 64 किलो झालं की तो 25 वर पोचतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळपास दर चार माणसांत एकजण या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे आहे. म्हणून लाजू नका, डॉक्टरांना भेटा. थायरॉइड, पीसीओएस किंवा स्टिरॉइडची औषधं यांनीही वजन वाढतं, ते तपासून घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या योग सुरू केला म्हणून परस्पर बंद करू नका. इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम करायचा की नाही, हेही विचारून घ्या.

आता रोजचा बेत. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चाला आणि रोज अर्धा-पाऊण तास योगाला द्या. ताडासन, कटिचक्रासन, भुजंगासन, सेतुबंधासन आणि शेवटी शवासन, एवढं सुरुवातीला पुरे. सूर्यनमस्कार दोन-तीनपासून सुरू करून झेपेल तसे वाढवा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून किंवा भिंतीचा आधार घेऊन करा. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात खुर्च्या, पट्टे, ठोकळे वापरूनच कितीतरी आजारी माणसांना आसनं शिकवली. आधार घेण्यात कमीपणा नाही. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन मात्र तूर्त नकोच. अंगावरचा भार मानेवर येतो.

‘कपालभातीने पोट वितळतं’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर विसंबू नका. शरीर चरबी कुठली आधी वापरेल हे आपल्या हातात नसतं. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण किंवा नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर कपालभाती करू नका. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगक्रिया विज्ञानाच्या कसोटीवर तपासण्यासाठी. आपणही ऐकीव दाव्यांपेक्षा नीट शिकलेल्या शिक्षकावर भरवसा ठेवावा.

खाण्यात एकच बदल जमणार असेल तर चहातली साखर काढा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे दिवसाला सव्वाशे-दीडशे कॅलरी. तासभराची आसनं जवळपास त्यातच जिरतात. मग रात्रीचं जेवण लवकर घ्या, उसळ आणि भाज्या वाढवा, भात-पोळी कमी करा. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी चापून खाल्ली तर तो उपास वजनाच्या कामाचा नाही.

घरच्यांनाही सांगणं आहे. ‘जाड्या’, ‘ढोली’ म्हणून कुणाचं वजन उतरत नाही, फक्त माणूस लपून खायला लागतो. घरातल्या बाईला सकाळचा अर्धा तास हवा असेल तर त्या वेळचे डबे दुसऱ्या कुणीतरी भरावेत.

सहा महिन्यांत पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी पुष्कळ झालं. ऐंशी किलोच्या माणसाचे चार ते आठ किलो गेले की शुगर आणि बीपीवर फरक दिसायला लागतो. वजन फारच जास्त असेल तर औषध किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टरांसोबत घ्या. योग तेव्हाही जोडीला राहील. 21 जूनच्या योगदिनाची वाट पाहू नका. उद्या सकाळी कंबर मोजून तारखेसह लिहून ठेवा आणि चालायला बाहेर पडा.