मिसळीला पत्ता असतो

अंबाबाईचं दर्शन झालं, चपला पायात सरकवल्या, की बाहेरगावच्या पाहुण्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कोल्हापुरात एक नंबर मिसळ कुठली?" रिक्षावाल्याला विचारा, गुळाच्या दुकानात विचारा, लॉजच्या काउंटरवर विचारा, उत्तर लगेच मिळतं, ठाम मिळतं आणि दर ठिकाणी वेगळं मिळतं. पाहुणा गोंधळतो, फोन काढतो आणि चांदण्या मोजायला लागतो.

मला विचाराल तर क्रमांक लावायची ही पद्धत मिसळीला लागूच पडत नाही. मिसळ ज्या भागात उकळते त्या भागाच्या कामधंद्यावर, वेळेवर आणि माणसांवर बेतलेली असते. तिथून उचलून दुसरीशेजारी ठेवली की मापच चुकतं.

आमच्या घरातल्या पोरांना ही चांदण्यांची सवय पिझ्झ्यापायी लागली. राजारामपुरीच्या गल्ल्यांपासून ताराबाई पार्कापर्यंत जिथं जिथं पिझ्झा मिळतो, तिथला आमच्या पुतणीनं खाल्लेला आहे. तिच्या फोनमध्ये त्याचा हिशेब आहे: खालची पोळी कुरकुरीत की वातड, चीज किती ताणलं जातं, पैसे वसूल की नाही. तिच्या निकालावर माझी काही तक्रार नाही, कारण पिझ्झ्याला मोजायला मापदंड आहे. नेपल्समधल्या पिझ्झावाल्यांनी १९८४ साली संघ काढून नियमच लिहून ठेवले. पिझ्झ्याचा व्यास ३५ सेंटिमीटरच्या वर नको, भट्टी लाकडाची, आच चारशे अंशांच्या पुढची, भाजायला साठ ते नव्वद सेकंद. २०१७ साली तिथल्या पिझ्झा करण्याच्या कलेला युनेस्कोच्या यादीतही जागा मिळाली. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या तेव्हा आम्ही गाव डोक्यावर घेतलं. पण आम्ही त्यांच्या पिझ्झ्यावर शेजवान सॉस ओततो, त्याबद्दल तिकडून अजून कुणाचं खरमरीत पत्र आलेलं नाही. मोठ्या मनाची माणसं म्हणायची.

असा एखादा संघ कोल्हापुरी मिसळीसाठी काढायचा ठरवला तर? पहिल्याच बैठकीत मोडेल. मटकीला मोड किती लांब असावेत इथपर्यंत एकमत होईल कदाचित. मग बटाटा घालायचा का, यावर दोन गट पडतील. वर फरसाण की शेव-चिवडा, यावर चार. कट दाट की पातळ हा विषय निघाला की कुणीतरी बाह्या सरसावणार. ठराव एकच बिनविरोध होईल: सोबत स्लाइस ब्रेड. पुण्या-मुंबईकडं मिसळीबरोबर लादीपाव येतो, आमच्याकडं ब्रेडच्या कापा. कट शोषून घ्यायला त्याच बऱ्या, हे इथं कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

बाकी सगळं भांडण कटाचं. कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण तेलात खमंग परतायचं, वाटायचं, त्यात चटणी घालायची आणि तेल सुटेपर्यंत शिजवायचं. चटणी म्हणजे आमची लाल चटणी. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, खडे मसाले भाजून, डंकावर नेऊन कांडून आणलेली, पुढं वर्षभर पुरणारी. घरोघरी तिचं प्रमाण वेगळं, आणि ते कागदावर क्वचितच असतं. सासूच्या मुठीतून सुनेच्या मुठीत येतं. मिसळीच्या हॉटेलांचंही तसंच. गल्ल्यावर पुरुष बसलेला दिसतो, पण त्याच्या कटाची चव पुष्कळदा आत, घरातल्या कुणा बाईच्या मुठीवर ठरलेली असते.

कटाचा रंग बघून घाबरणारे पाहुणे मला नेहमी भेटतात. लाल म्हणजे तिखट, हे गणित कच्चं आहे. तो भडक रंग येतो ब्याडगी मिरचीचा. हावेरी जिल्ह्यातली ही सुरकुतलेली मिरची रंगाला दाणगट आणि तिखटाला मवाळ. झणका हवा तर दुसरी मिरची मिसळावी लागते. आमच्याकडं त्यासाठी गडहिंग्लज-संकेश्वर पट्ट्यातल्या संकेश्वरी मिरचीचं नाव घेतात. दुसरी गंमत तेलाची. मिरचीचा रंग आणि तिखटपणा, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून पातेल्यात तो सगळा ऐवज वर तवंगात जमतो. वाढप्यानं वरच्यावर वगराळं फिरवलं तर तुमच्या डोळ्यांतून पाणी, आणि तळातून घेतलं तर शेजारचं लहान पोरही तेच खाईल. एकाच पातेल्यातल्या दोन वाट्यांची चव अशी निराळी असते. मग चांदण्या द्यायच्या त्या कुणाला, हॉटेलला की वाढप्याच्या मनगटाला? जळजळीला पाण्याचा उतारा चालत नाही, तोही याच कारणानं. दूध-ताक चालतं; दुधातलं प्रथिन मिरचीचा जहाल अंश धरून जिभेवरून उतरवतं. गंगावेशीत म्हैस समोर पिळून फेसाळ दूध देणारे कट्टे ज्या गावात आहेत, त्या गावानं तिखटाला का भ्यावं?

तिखटाचं आमचं नाव खरं तर बाहेरच्यांनीच जास्त गाजवलं. महामार्गावरच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाची जी लाल भाजी येते, ती कोल्हापुरातल्या एकाही आजीच्या हातची नाही. गावातली मिसळ मसालेदार असते, अंगावर येणारी असतेच असं नाही.

आता पत्त्यांकडं वळू. फडतरे मिसळ शिवाजी उद्यमनगरात आहे, हा योगायोग नाही. उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री, टर्नर, फिटर. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी इथं ऑइल इंजिनं घडवायला सुरुवात केली आणि त्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. आठच्या सुमारास कामावर उभा राहणारा कारागीर थेट दुपारी जेवतो. त्याला पोटात काहीतरी भक्कम हवं, स्वस्त हवं आणि पटकन हवं. मोड आलेली मटकी तिन्ही अटींत बसते. भिजवून मोड काढलेली मटकी वजनाला दुपटीच्या वर जाते, म्हणजे हॉटेलवाल्यालाही परवडते. वर तेलाचा तवंग आणि ब्रेडच्या कापा. असा माणूस चार तास भट्टीसमोर तग धरतो. ही मिसळ खाऊन एसी गाडीत बसणाऱ्याला ती 'जड' वाटते. वाटणारच. ती त्याच्यासाठी शिजलेली नाही.

बावडा मिसळीचा पत्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला, कसबा बावड्यात. बावडा महापालिकेत असलं तरी मनानं अजून गावच आहे. एका अंगाला पंचगंगा, भोवती उसाचं रान, राजाराम साखर कारखाना. इथला माणूस पहाटे म्हशीची धार काढून, डेअरीला दूध घालून, रानात एक चक्कर मारून मग मिसळीला बसतो. तोवर त्याचा अर्धा दिवस झालेला असतो. बावडेकरासमोर दुसऱ्या कुठल्या मिसळीचं कौतुक करून बघा. तो वाद घालत नाही. "खावा की," एवढंच म्हणतो, आणि त्या दोन शब्दांत तुमची कीव असते.

मिरजकर तिकटीजवळची खासबाग मिसळ वेगळ्या घामावर वाढली. पलीकडं खासबाग मैदान. शाहू महाराजांनी ते बांधून घेतलं, १९१२ साली खुलं झालं. गंमत अशी की त्याच साली अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञानं मिरचीचा तिखटपणा मोजायची पट्टी काढली. मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत सापडलं तेव्हा गावातली टणक माणसंही रस्त्यावर उभी राहून रडली. कुस्ती, नाटक आणि खाणं या तिन्ही गोष्टी इथं हाकेच्या अंतरावर. इथल्या टेबलावर मिसळ येईपर्यंतच्या गप्पा तुम्हाला मोफत मिळतात आणि त्यात जुन्या कुस्त्यांचे निकाल दर पिढीगणिक थोडे बदललेले असतात. महाद्वार रोड आणि गुजरीकडं सरकलात की चोरगे मिसळीची माणसं भेटतात. भोवती पेढ्या, पूजासाहित्य, साड्यांची दुकानं. दुकान उघडायच्या आधी खाऊन घेणारा हा व्यापारी पांढऱ्या शर्टाला जपून बसतो. त्याचं खाणं नेमस्त, बोलणं कमी, नजर घड्याळावर.

या सगळ्यांत श्रेष्ठ कोण? हा प्रश्न पाटाकडील तालमीच्या पोराला आणि खंडोबा तालमीच्या पोराला फुटबॉलबद्दल विचारून बघा. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसते. तिथं कुणी आधी खेळ बघून मग संघ निवडत नाही. ज्या गल्लीत जन्मलो तो संघ. मिसळीचं मतदानही असंच होतं. वडिलांनी बोट धरून जिथं पहिल्यांदा नेलं, जिथं "मुलाला कट कमी घाल रे" म्हणून सांगितलं, ती मिसळ एक नंबर. नंतरच्या सगळ्या मिसळी दोन नंबरसाठी स्पर्धेत.

दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं. बातमी कोल्हापुरातही वाचली गेली. आमच्या कट्ट्यावर त्यावर फार चर्चा झाली नाही. एकानं विचारलं, "कट परत मागितला तर देतात काय?" विषय तिथंच संपला. मला तो प्रश्न पुरस्कारापेक्षा नेमका वाटतो. कारण मिसळीचा खरा व्यवहार ताटली समोर आल्यावर सुरू होतो. ब्रेड कटात बुडतो, कट आटतो, हाक जाते, पोऱ्या जग घेऊन येतो, तुमच्या तोंडाकडं बघून किती घालायचा ते ठरवतो. हे ठरवणं ज्या हॉटेलात अजून माणूस करतो, ते हॉटेल चांगलं.

फोनवर 'एक नंबर'च्या याद्या करणाऱ्यांनी भर घातली ती रांगेची. शनिवार-रविवारी नावाजलेल्या ठिकाणांबाहेर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. धंद्याला ते चांगलंच आहे, दोन पैसे कुणाला नको असतात? पण तोटाही सोसतो तो नेमका तिथलाच माणूस. आठची पाळी गाठणारा फिटर रांगेत उभा राहू शकत नाही. तो दोन गल्ल्या सोडून पत्र्याच्या शेडमधल्या मिसळीकडं वळतो. फोनच्या यादीत त्या शेडचं नाव नसतं. पाटीही कधी कधी नसते. माझ्या अनुभवात यादीत पहिली आलेली मिसळ आणि त्या भागातल्या कामगारानं आज सकाळी खाल्लेली मिसळ, या हळूहळू दोन वेगळ्या मिसळी होत चालल्यात. चव शोधायला आलेल्या माणसानं दुसरीच्या मागं जावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर पाहुण्यांनो, एक नंबर विचारू नका. जिथं उतरला असाल तिथून चालत जाता येईल अशी मिसळ गाठा. सकाळीच गाठा, दुपारी पातेलं पालथं पडलेलं असतं. मोकळं टेबल शोधू नका. अनोळखी माणसासमोर बसा आणि तो किती वर्षं इथं येतोय ते विचारा. मिसळ आल्या आल्या सगळी कालवू नका, आधी नुसता कट चाखा, मग लिंबू पिळायचं की नाही ते ठरवा. तवंगाला भिऊन 'मध्यम' म्हणालात तरी कुणी हसणार नाही. हसलंच तर तो पुण्याचा असेल. ब्रेड संपला आणि कट उरला तर आणखी दोन कापा मागवा. कट संपला आणि ब्रेड उरला तर कट मागवा. दोन्ही एकदम संपलं की मात्र लगेच उठा, मागं माणसं खोळंबलीत.