संपादकीय: मधे कोणी बसायचं?



माझी भाची कॅलिफोर्नियात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टच्या परवान्याची तयारी करते आहे. हा परवाना तिथे 1963 च्या कायद्याने सुरू झाला. मास्टर्स डिग्री, देखरेखीखाली 3000 तास काम आणि वर दोन परीक्षा: एक कायदा व व्यावसायिक नीतीची, दुसरी प्रत्यक्ष उपचारांची. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला सरावाचे प्रश्न विचारते. पीएच.डी. असल्यामुळे अर्धी उत्तरं मलाही येतील अशी माझी समजूत होती.

एक प्रश्न असा होता. जोडपं पहिल्यांदाच आलंय. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवरा देतो, बायको खाली मान घालून बसते. तुम्ही काय कराल? मी म्हटलं, "तिलाही बोलतं करायचं." भाची म्हणाली, "चूक, मावशी! त्याच्यासमोर नाही. आधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं आणि ती घरी सुरक्षित आहे का ते बघायचं. समोर काही बोलली, तर घरी गेल्यावर तिलाच भोगावं लागेल."

मी गप्प झाले. काही वर्षांपूर्वी इथे जॉन्सनव्हिलमध्ये मी हेच उत्तर दिलं होतं, आणि तेव्हा समोर खरी मुलगी होती. ओळखीतल्या एका घरात बरं चाललेलं नाही असं कानावर आलं, म्हणून आम्ही दोन-तीन जोडपी समजूत घालायला गेलो. चहा-पोहे झाले. सगळ्यांसमोर मी तिला विचारलं, "तुला काही त्रास आहे का गं?" तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि "नाही हो ताई" म्हणाली. "थोडं सांभाळून घे" असा सल्ला देऊन आम्ही समाधानाने घरी आलो. चार महिन्यांनी ती एका रात्री फक्त बॅग घेऊन बाहेर पडली, तेव्हा कळलं की त्या दिवशी तिला काय सांगायचं होतं.

आमचा हेतू वाईट नव्हता. पण प्रयोगशाळेत न शिकता कोणी यंत्राला हात लावला तर मी ओरडते, आणि दुसऱ्याच्या संसाराला मात्र बिनदिक्कत हात लावला!

न्यूझीलंडमध्ये कॅलिफोर्नियासारखी परीक्षा नाही. 2003 च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याखाली सायकॉलॉजिस्टना नोंदणी लागते, 2007 पासून सायकोथेरपिस्टनाही. 'कौन्सेलर' या शब्दाला मात्र तसं संरक्षण नाही. चांगले कौन्सेलर व्यावसायिक संघटनेचे सभासद असतात, पण ते ऐच्छिक आहे. तेव्हा शिक्षण काय, सभासदत्व कुठलं, तुमच्या कामावर देखरेख कोणाची, हे विचारायला लाजू नका. दाराची कडी दुरुस्त करणाऱ्याला आपण याहून जास्त प्रश्न विचारतो.

आणखी एक. 2019 च्या जुलैपासून अमलात आलेल्या इथल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हुंड्यावरून होणाऱ्या हिंसेचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे "हे आपल्या घरातलं आहे, गोऱ्यांना काय कळणार" ही सबब आता चालणार नाही.

मग आपण काही करायचंच नाही का? करायचं. तिला एकटीला गाठून ऐकून घ्यायचं, गाडीतून न्यायचं, मुलांना दोन तास सांभाळायचं. निवाडा करायचा नाही, आणि "सांभाळून घे" तर अजिबात म्हणायचं नाही. बोलायला कोणी हवं असेल तर 1737 वर कधीही फोन किंवा टेक्स्ट करता येतो. घरात भीती असेल तर वुमेन्स रेफ्युजचा नंबर 0800 733 843, आणि जिवाला धोका असेल तर थेट 111.

भाची पास होईल असं दिसतंय. माझा पेपर मात्र चुकला तो चुकलाच. तुमच्याकडून असं काही घडलं असेल तर जरूर लिहा, नाव छापणार नाही.

कळावे,
संपादक