जखमी पिल्लाला हात द्या
सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या गावांत अंगणातल्या चार कोंबड्या म्हणजे घरच्या बाईच्या हक्काचा पैसा. म्हणून घारीने झडप घातलेले पिल्लू ‘आता काय वाचते’ म्हणत टाकून देऊ नका. बरेचदा ते वाचते. आधी त्याला बाकीच्यांपासून वेगळे करा. लाल रक्त दिसले की इतर पिल्ले तिथेच टोचत राहतात, आणि घारीच्या नखांतून सुटलेला जीव भावंडांच्या चोचींनी जातो. उकळून कोमट केलेल्या मीठपाण्याने जखम धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचे करून लावा. माणसांची बधिर करणारी मलमे मात्र नकोतच, त्यांतली काही पाखरांना विषारी ठरतात. पण जखमेहून मोठा वैरी गारठा. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला साधारण ३२ ते ३५ अंश ऊब लागते. खोक्याच्या एका कडेला बल्ब लावा, दुसरी मोकळी ठेवा. नकोसे झाले तर ते आपले आपण सरकेल. घशात पाणी ओतू नका, चोचीच्या कडेला थेंब लावा. माश्या बसू देऊ नका, अळ्या पडतात. पोट फाटले किंवा हाड मोडले असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावर लगेच फोन करा.