किल्ला कोणी करायचा?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या डॉर्मिटरीत एक वाद ठरलेला असतो. खरी दिवाळी कोणती? उत्तरेकडच्या मुलांची दिवाळी म्हणजे अमावास्येची संध्याकाळ आणि लक्ष्मीपूजन. विल्लुपुरमचा माझा मित्र म्हणतो, नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावून अंघोळ झाली की दिवाळी झाली (इथे त्याचं आणि आमचं बरोबर जुळतं). बिहारचा मित्र बहिणीसोबत केलेल्या मातीच्या घरौंद्याचं वर्णन करतो. मी किल्ल्याचं करतो.

मित्रांनो, या वादात एक गोष्ट लक्षात येते. जो तो तेच सांगतो, जे त्याने स्वतःच्या हातांनी केलं आहे. पूजेत काय म्हणतात हे विचारलं तर सगळे गप्प, कारण तेव्हा आपण नुसते हात जोडून बसलेलो असतो. म्हणून माझं मत असं आहे की परंपरा मुलांना दाखवून टिकत नाही, ती कामाला लावून टिकते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पण बाबांच्या पोस्टिंगमुळे मी किल्ले केले ते बेळगाव, जोधपूर आणि आसाममध्ये, क्वार्टरच्या मागच्या अंगणात. विटा आणि दगड रचायचे, त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट टाकायचं, मग माची, बुरूज, तटबंदी, आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. बेळगावच्या लाल मातीसारखी माती दुसरीकडे मिळाली नाही. जोधपूरला वाळू इतकी की सकाळी केलेला बुरूज दुपारपर्यंत खाली बसायचा. शेवटी आईने कुंभाराकडून माती आणली. तोही खूश झाला, पण हे कशासाठी ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या सतरा वर्षांत बाबा दिवाळीला घरी होते फक्त पाच वेळा. फौजी घरातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मग मला किल्ला शिकवला कोणी? आईला तो करता येत नव्हता. तिने मी सहा वर्षांचा असताना एवढंच सांगितलं, "या घरात किल्ला तू करायचा." आणि बाबा फोनवर एकच प्रश्न विचारायचे, "पाणी कुठे ठेवलंस?" गडावर टाकं नसेल तर वेढा पडल्यावर माणसं किती दिवस टिकतील, हे मला त्या प्रश्नातून समजलं. तेव्हापासून मी तटाआधी टाक्याची जागा ठरवतो.

आता बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. दुकानातून आणायचा, मावळे मांडायचे, झालं. त्यावर मी फार रागावत नाही, कारण ज्यांच्याकडे अंगणच नाही त्यांनी काय करावं? मला जास्त खटकतं ते दुसरंच. किल्ल्याच्या स्पर्धेत वडील रात्री जागून किल्ला करतात आणि मुलगा फोटोपुरता शेजारी उभा राहतो. किल्ला सुंदर होतो, बक्षीसही मिळतं. पण वीस वर्षांनी तो मुलगा काय करणार? बहुतेक तयार किल्ला आणणार.

माझ्या आजीचं मत वेगळं आहे. तिच्या मते सगळं तिथीवर अवलंबून आहे. एकदा बाबा जानेवारीत सुट्टीवर आले तेव्हा आईने पहाटे उटणं लावून त्यांना अभ्यंगस्नान घातलं, चकल्या केल्या. आजी म्हणाली, "दिवाळी काय रेल्वे आहे, उशिरा यायला?" तिचं मी खोटं म्हणणार नाही. सगळा देश एकाच दिवशी दिवे लावतो त्यातली मजा जानेवारीत येत नाही. पण फक्त तिथीच धरून बसलं तर जवानाच्या घरात बापाशिवायची दिवाळी हीच परंपरा होईल. त्यामुळे आमच्याकडे आता दोन्ही दिवाळ्या होतात, आणि आजी दोन्हींच्या चकल्या खाते.

बारावीनंतर मी कुठे असेन माहीत नाही. एनडीएत निवड झाली तर दिवाळीला घरी पोचेनच असं नाही. धाकटी बहीण पाचवीत आहे. आतापर्यंत ती चिखल कालवायची आणि मावळे मांडायची. यंदापासून किल्ला तिचा, असं मी तिला कळवलं आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आणि एक तमिळनाडूत, जिंजी. तो माझ्या विल्लुपुरमच्या मित्राच्या जिल्ह्यात येतो. तो त्याला सेंजी म्हणतो आणि राजा देसिंगूची गोष्ट सांगतो. मी त्याला सांगितलं की राजाराम महाराजांनी १६८९ मध्ये तिथे आश्रय घेतला आणि किल्ला १६९८ पर्यंत मोगलांच्या हाती लागला नाही. त्याने तो पाहिला आहे, मी नाही.

हे सगळं बहिणीला फोनवर सांगितलं आणि तिने लगेच जिंजीच करायचं ठरवलं. जिंजी म्हणजे तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट. आमच्याकडे गोणपाट एकच आहे. त्यात तीन डोंगर कसे बसवायचे आणि पाणी कोणत्या डोंगरावर ठेवायचं, हे तिने बघावं. मी घरी गेलो की फक्त माती आणून देणार आहे.