दत्तक कुणाला देताय?

दत्तक द्यायचं तर आईबापांनी द्यायचं असतं. शेजाऱ्यानं नाही, आणि मुकादमानं तर नाहीच नाही. पण मुंबईत बागा आणि मैदानं दत्तक जातात तेव्हा त्यांच्या आईबापांना, म्हंजे दहा बाय दहाच्या खोलीत आठजण झोपणाऱ्या वस्तीला, कोण विचारतं? जानेवारी २०१६ मध्ये मुंबई महापालिकेनं मोकळ्या जागा खाजगी संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण सभागृहात मंजूर केलं. बोंब झाली. मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली, आधी दिलेल्या दोनशेहून जास्त जागा परत घ्यायचं ठरलं. तोवर काही जागांवर क्लब उभे राहिले होते, मेंबरशिपचे दर लागले होते. २०२३ साली तेच धोरण नवा सदरा घालून पुन्हा दारात आलं.

आता हा वारा आमच्या खाडीकाठापर्यंत आलाय. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच पालुपद: सरकारकडे पैसा नाय, कंपनीला बोलवा, बाग सुधारेल, समाजमंदिराला टाइल्स लागतील.

दोस्तहो, मी दाभोळचा. भागीदारी या शब्दाला माझ्या गावाचं नाव चिकटलेलं आहे. दाभोळ पॉवर कंपनी! नाव आमचं, आणि कारखाना खाडीपल्याड गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरला. नाव एका गावाचं, जमीन दुसऱ्या गावाची, नफा तिसऱ्याच देशाचा. १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळानं करार केला. १९९४ साली केंद्र सरकारनं वर प्रतिहमी दिली. म्हंजे धंदा खाजगी, जोखीम सार्वजनिक. १९९५ साली एन्रॉनच्या अधिकाऱ्यानं अमेरिकन संसदेच्या समितीपुढं सांगितलं की भारतातल्या लोकांच्या ‘शिक्षणावर’ आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर कंपनीनं २ कोटी डॉलर खर्च केले. आमच्या शाळेचं छप्पर गळत होतं तेव्हा हे कुणाला शिकवत होते?

३ जून १९९७ ला पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत घुसले. बायकांना घरातून ओढून काढून मारलं. ह्युमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात हे आहे, आणि तिथं बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, हेही आहे. ही घ्या खाजगी निधीतून चाललेली सार्वजनिक सेवा! लाठी सरकारची, पगार कंपनीचा, पाठ आमच्या मावशीची.

आणि भागीदार टिकला किती? मे १९९९ ला वीज सुरू, मे २००१ ला बंद, २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनचं दिवाळं. २००५ साली सरकारी कंपन्यांना पुढं करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढावी लागली. भागीदार पळाला, भांडी घासायला पुन्हा सरकारच.

कुणी म्हणेल, वीज कारखाना कुठं आणि बागेतला झोपाळा कुठं? बरोबर. बागेत लाठी चालत नाही. तिथं वेळापत्रक चालतं.

शहरातल्या एका हॉलची गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. जागा सार्वजनिक, चालवायला एका संस्थेकडे. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी आम्ही पोरं विचारायला गेलो. जात कुणी विचारली नाही. आधी डिपॉझिट विचारलं. ते जमवलं तर म्हणाले, तुमच्यात ढोल असतो, गर्दी असते, आजूबाजूचे लोक तक्रार करतात. त्याच हॉलात आदल्या आठवड्यात लग्नाचा बँडबाजा वाजला होता. पूर्वी म्हणायचे, विटाळ होतो. आता म्हणतात, मेंटेनन्स वाढतो. भाषा धुतली, मन नाही धुतलं.

म्हणून मी ‘खाजगी’ या शब्दाला घाबरतो, आणि घाबरायला मला इतिहासानं शिकवलंय. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ते कागदावरचं पाणी ओंजळीत घेतलं. मग सनातन्यांनी काय केलं? आधी लाठ्या. लाठ्या पुरल्या नाहीत तेव्हा ते कोर्टात गेले आणि म्हणाले: हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे! १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तो दावा हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला संपला. तळं नगरपालिकेचंच ठरलं, वहिवाटीची बतावणी फेटाळली गेली. एक शब्द खोडायला दहा वर्षं लागली. आणि आज आम्ही तोच शब्द गेटावर आपल्या हातानं लिहून द्यायचा?

राज्यघटनेचं कलम १५ वाचा. विहिरी, तलाव, रस्ते, सार्वजनिक जागा यांत भेदभाव नको, हे लिहिताना अट अशी घातली आहे की त्या पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशावर चालत असाव्यात, किंवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या असाव्यात. म्हंजे पालिकेचा रुपया आणि ‘सर्वांसाठी’ हा ठराव, या दोन खुंट्यांवर आपला हक्क टांगलेला आहे. दोन्ही खुंट्या उपटून भिंतीला गुलाबी रंग दिला तर त्याला सुधारणा म्हणायचं?

पण मी आंधळा विरोध करत नाही. पालिकेच्या बागेत झोपाळ्याची साखळी तुटलेली असते, मुतारीला कुलूप असतं, हे मलाही दिसतं. खाजगी पैशानं कधी भलं झालंच नाही, असंही नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम परळच्या दामोदर हॉलमधून सुरू झालं, आणि त्या हॉलला ठाकरसी या गिरणीमालक घराण्यातल्या माणसाचं नाव होतं. फोर्टातलं ओव्हल मैदान नव्वदच्या दशकात रहिवाशांच्या संघटनेनं भांडून उकिरड्यातून वर काढलं. आमच्या जेटीवरून धोपाव्याला जाणारी फेरीबोट खाजगीच आहे. तिकीट फाडलं की सगळ्यांना नेते. पण बाग ही फेरीबोट नव्हे. तिथं पोराला नुसतं बसायला जायचं असतं, आणि बसण्याचं तिकीट निघालं की गरिबाचं पोर रस्त्यावर बसतं.

तेव्हा सवाल पैसा घ्यायचा की नाही हा नाहीच. पैसा घ्या! तो भीक नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. मोठ्या कंपन्यांनी मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, आणि जिथं धंदा करतात त्या भागाला आधी पाहायचं. कायद्यानं आलेल्या पैशाला हार कशाला घालायचे? पंचायतीचा सभापती चेकपुढं वाकतो तेव्हा माझं डोकं फिरतं. अरे, याच दाभोळ बंदरातून रमाईच्या वडिलांनी माशांच्या टोपल्या वाहिल्या. ओझं वाहणाऱ्याच्या नावाची पाटी कुठं लावतात? पाटी लागते चेकवाल्याची.

मित्रांनो, तुम्ही शहरात आहात, शिकलेले आहात. तुमच्या वॉर्डातल्या बागेचा करारनामा माहितीच्या अधिकारात मागा. २००५ पासून तो हक्क आहे. मग चार गोष्टी तपासा. जागेची मालकी आणि चावी पालिकेकडे की संस्थेकडे? गेट फुकट की तिकिटावर? हॉलचे दर आणि नकाराचं कारण लेखी मिळतं की तोंडी? करार किती वर्षांचा, आणि भागीदार पळाला तर माळ्याचा पगार कोण देणार? देखरेखीच्या समितीत वस्तीतल्या बाया नसतील तर ती समिती बरखास्त करायला लावा.

झाडं लावा, दिवे लावा, झोपाळे टांगा. कंपनीचा माणूस आला तर त्यालाही बाकावर बसायला जागा द्या. आपल्या शेजारी. पण चावी देऊ नका. चवदार तळ्याची चावी दहा वर्षं भांडून मिळवलीय. ती टाइल्सच्या बदल्यात विकायला आपल्या बापानं आपल्याला जन्म दिलेला नाही.