टीबीचे औषध फुकट, पण खिडकी कुठे आहे?

वस्तीत कोणाला टीबी झाला की लोक आधी त्याच्या सवयींबद्दल बोलतात. दारू पीत असेल, खाण्यापिण्याकडे लक्ष देत नसेल. त्याच्या घराला खिडकी आहे का, दोन वेळ पोटभर जेवण मिळते का, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते आधी हेच विचारायला हवे.

टीबीचे जंतू हवेतून पसरतात. रुग्ण खोकला की ते बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. खेळत्या हवेने ते विरळ होतात, उन्हाने मरतात. जंतू अनेकांच्या शरीरात शिरतो, पण आजारी सगळे पडत नाहीत. ज्याचे पोट रिकामे, अंगात ताकद नाही, किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याला तो लवकर गाठतो. म्हणजे एका खोलीत सात माणसे झोपणारे आणि दिवसाही दिवा लावावा लागणारे घर हेच आजाराचे अर्धे कारण आहे.

मुंबईला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाटीच्या, अंधाऱ्या घरांत रोग वाढतो हे तेव्हाच मान्य झाले होते. पण ट्रस्टने गरिबांची जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत. त्याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षे लहानशा खोल्यांत राहिले.

आज गोवंडी-मानखुर्दला जाऊन पाहा. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांसाठी हटवलेली कुटुंबे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत आणून ठेवली. सव्वादोनशे चौरस फुटांची खोली, इमारती एकमेकींना खेटून, खालच्या मजल्यांवर ऊनच नाही. २०१८ साली डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या पाहणीत दिसले की जिथे ऊन-वारा कमी, तिथे टीबी जास्त. पक्के घर मिळाले, पण श्वास घ्यायला हवा मिळाली नाही.

आपली माणसे अशाच जागी का राहतात? गावकुसाबाहेरून आलेल्याला शहराने नाल्याकाठची, रुळालगतची, कचऱ्याच्या डोंगराशेजारची जागा दिली. चांगल्या वस्तीत भाड्याने घर मागायला गेले की आजही आडनाव विचारले जाते. काम रोजंदारीचे, म्हणून दवाखान्याच्या रांगेत सकाळ घालवली की त्या दिवसाची मजुरी बुडते. मग खोकल्यावर मेडिकलमधून बाटली आणली जाते आणि निदानाला महिने लागतात. तोवर घरातल्या आणखी कोणाला तरी लागण झालेली असते.

पोटाचा प्रश्नही तेवढाच मोठा आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा पुरेसे धान्य देऊन एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. धान्याने रोग अडवला.

आता थोडे आपल्याबद्दल. रुग्णाचे ताट वेगळे ठेवायचे, सुनेला आजार झाला की माहेरी धाडायचे, मुलीच्या लग्नासाठी आजार लपवायचा, हे आपल्याही घरांत घडते. टीबी ताट-वाटीने पसरत नाही. ज्या समाजाने वेगळा पेला सोसला, त्याच्या घरात वेगळे ताट शोभत नाही. काळजी घ्यायची ती हवेची: खोकताना तोंडावर रुमाल, आणि रुग्णाचे अंथरूण दाराखिडकीजवळ. औषध नियमित सुरू झाले आणि लागू पडले की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्री घाम, असे काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला पाचशेऐवजी हजार रुपये झाले आहेत. ते खात्यात येतात का, हे पाहा आणि येत नसतील तर चौकशी करा.

आणि वस्तीच्या पुनर्विकासाची बैठक लागली की चौरस फूट किती, एवढेच विचारून उठू नका. दोन इमारतींमध्ये अंतर किती आणि आमची खिडकी कुठे उघडते, हेही विचारा. उत्तर लेखी मिळेपर्यंत संमतीच्या कागदावर सही करू नका.