सन्मानचिन्हं पुरे, आता फी भरा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या तालुक्यात गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. समाजाचा वेगळा, पतसंस्थेचा वेगळा, यंदा उभं राहायचंय त्या भाऊंचा आणखी वेगळा. वीस वर्षं या बातम्या करतोय. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मान्यवरांची मनोगतं. पोरांची नावं शेवटच्या ओळीत, जागा उरली तर.

मध्यंतरी स्कॉटलंडच्या लोकांच्या संस्थांबद्दल वाचत होतो. हसू नका, तेही आपल्यासारखेच पोटासाठी गाव सोडलेले. 1603 मध्ये त्यांचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि त्याच्या मागोमाग बरेच जण लंडनला आले. 1611 मध्ये तिथल्या काहींनी चक्क एक पेटी ठेवली. जमेल त्याने पैसे टाकायचे, अडलेल्या गाववाल्याला त्यातून द्यायचे. त्या पेटीची संस्था झाली, ती आज ‘स्कॉट्सकेअर’ नावाने चालू आहे. चारशे वर्षं! आपल्याकडे मंडळ दुसऱ्या कार्यकारिणीलाच फुटतं.

न्यूयॉर्कची सेंट अँड्र्यूज सोसायटी 1756 ची. तीही दरवर्षी मेजवानी करते, किल्ट घालून, पिपाणीवाले बोलावून. म्हणजे मिरवायची हौस त्यांनाही आहेच. पण त्यासोबत स्कॉटिश वंशाच्या अमेरिकन पदवीधरांना ती स्कॉटलंडमध्ये वर्षभर पुढचं शिकायला पैसे देते आणि तिकडच्या मुलांना अमेरिकेत.

मला सगळ्यात भावला तो अँड्र्यू कार्नेगी. डनफर्मलिनच्या विणकराचा पोरगा. यंत्रमाग आले, बापाचा धंदा बसला, 1848 मध्ये घर अमेरिकेला गेलं आणि हा पोरवयात सूतगिरणीत लागला. पुढे पोलादात अफाट कमावलं. 1901 मध्ये त्याने स्कॉटलंडच्या विद्यापीठांसाठी एक कोटी डॉलरचा ट्रस्ट केला. उत्पन्नातला निम्मा वाटा विद्यापीठांच्या सुधारणेला, निम्मा मुलांच्या फीला. शिवाय एक सोय ठेवली: फुकट घेणं ज्याला खटकतं, त्याने पुढे जमेल तेव्हा परत करावं. सक्ती नाही. गरिबाची पत राखून मदत कशी करायची हे त्याला कळत होतं. आपल्याकडे दोन वह्या द्यायच्या तरी फोटोत आठ जण हात लावतात.

आता कोणी म्हणेल, वंश बघून पैसे देणं म्हणजे जातवादच की. प्रश्न बरोबर आहे. पण शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहं उभी करायला बळ दिलं, ते कोणी मागे राहू नये म्हणून. समाजाने आपल्या पोरांना शिकवण्यात गैर काही नाही. फक्त आपल्या तालुक्यात ज्यांच्या समाजाला ना हॉल आहे ना मंडळ, अशा मुलांसाठीही दोन जागा राखून ठेवा.

हिशोबाचं बोलू. एका समाजाच्या कोषाध्यक्षांनी मला गेल्या वर्षीचा खर्च दाखवला. सन्मानचिन्हं 42 हजार, मंडप-साउंड 35 हजार, जेवण 60 हजार, बॅनर आणि सत्काराचं सामान 18 हजार. एक लाख पंचावन्न हजार झाले की राव! पंधरा हजारांप्रमाणे दहा पोरांच्या मेसचे निम्मे वर्ष निघाले असते.

सरकारी शिष्यवृत्ती आहे ना, असं म्हणू नका. अर्ज ऑनलाइन भरतो, पण पैसे कधी पडतील याचा भरवसा नसतो आणि खोलीमालक तर डिपॉझिट जूनमध्येच मागतो. पोरं गळतात ती या मधल्या चार महिन्यांत. आणि गळणारी बहुतेक 60-65 टक्केवाली असतात, स्टेजवर कधीच न आलेली. 94 टक्केवाल्याला कोणीतरी भेटतंच.

सत्कार बंद करा असं म्हणत नाही. आईबापाला लेकराचं नाव माईकवर ऐकायचं असतं, तेवढं राहू द्या. पण सन्मानचिन्हाऐवजी कॉलेजच्या नावाचा चेक द्या, आणि निवड टक्क्यांवर न करता गरजेवर करा.

दोन समाजांच्या अध्यक्षांशी बोललोय. एक ‘बघू’ म्हणाले, दुसऱ्यांनी येत्या रविवारी बैठक ठेवलीय, संध्याकाळी पाचला. अर्जाचा एक पानी मसुदा मी करून नेतो. ज्यांना यायचंय त्यांनी कमेंटमध्ये कळवा, जागा इनबॉक्समध्ये सांगतो.